सांडणीची वाट

“इतका वेळ कुठे होतात रे सगळे?” खानाचा तो आवाज वर्ष झालं तरी चेचेईच्या कानातून गेला नव्हता.

गेल्या वसंतात टोळीने खानाला माळावर पुरलं होतं. खूण राहू नये म्हणून वरून घोडे पिटाळले होते. पुढच्या वसंतात जागा सापडावी म्हणून, रिवाजाप्रमाणे, चेचेईच्या सांडणीचं पिल्लू तिथेच मारून पुरलं होतं. पिल्लू गेलेली जागा सांडणी बरोबर ओळखते.

परतून पाहतात तो खान तंबूत बसून घोडीचं आंबवलेलं दूध पीत होता, आणि तेच विचारत होता.

“गवत बघायला गेलो होतो,” चेचेईचा दीर बुजीर म्हणाला. त्यानंतर कुणी ब्रही काढला नाही. खान मेला म्हणणाऱ्याचं डोकं धडावर राहत नसे. खान निवाडे करी, जेवी, हसे.

मग माळाखाली कोण? यंदा गवत उगवलं, तशी चेचेईने सांडणी मोकळी सोडली.

सांडणी माळाकडे वळलीच नाही.

“वहिनी, म्हातारी वाट चुकली तुझी!” बुजीर हसला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

सांडणी सरळ खानाच्या तंबूत शिरली, त्याच्यापुढे गुडघे टेकून टाहो फोडू लागली. डोळ्यांतून धार, सडांतूनही धार.

खानाने तिच्या मानेवरून हात फिरवला. “पोरी, हिचं पिल्लू कुठंय गं?”

सांडणीमागून आत आलेला बुजीर चेचेईला डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

“तुमच्याजवळ, खान,” चेचेई म्हणाली. “तुम्हाला पुरलं, तेव्हा तुमच्या पायाशीच ठेवलंय.”