लेकीची टाच

भिंतीपलीकडे कुणीतरी भन्नाट वाजवत होतं. सूर येत नव्हते, नुसता ढोलांचा दणका येत होता. स्टेजमागच्या खोलीत बाबांनी टायची गाठ अर्धवट ठेवली आणि भिंतीला कान लावला.

"ऐक गं पोरी, हा काँगावाला ऐक. मनगटात हाडं आहेत की नाहीत याच्या?"

बाबा स्वतः काँगावाले. दोन उंच ढोल, काठी नाही, नुसते तळहात. जॅझच्या ट्रम्पेटचं आणि लॅटिन नाचाच्या ढोलांचं लग्न लावायचं खूळ त्यांचंच. तेव्हा लोक म्हणायचे, हे ना धड ऐकायचं, ना धड नाचायचं. तरी एक रेकॉर्ड निघाली. आणि ती निघते न निघते तोच संधिवाताने बाबांची बोटं धरली. बँडचं ते धावतं गाणं त्यांना झेपेना. माझ्या जागी दुसरा बघा, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. पण लेक, म्हणजे बँडची पियानोवाली, म्हणाली, जरा थांबू.

आणि काय सांगावं, हात सुधारले! धावतं गाणं पुन्हा बसलं. बाबा सगळं श्रेय मालिशच्या तेलाला द्यायचे आणि ट्रम्पेटवाल्या टकलूला तेच डोक्यावर चोळायला सांगायचे. बँडही चढत गेला. यांच्या गाण्यावर मस्त डुलता येतं म्हणून लोक लट्टू झाले. आज तर शहरातला सगळ्यात मोठा हॉल होता.

"आपल्या आधी या पोरांना कशाला ठेवलं?" बाबा कुरकुरले. "आपलं पाणी उतरवतील."

टकलू चकचकीत ट्रम्पेट पुन्हा पुसायला लागला. लेक म्हणाली, "बाबा, आधी कुणी नाहीये. हॉलवाल्याने आपली रेकॉर्ड लावलीय."

बाबा हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांच्या बँडमध्ये प्रत्येक गाणं लेकीच्या टाचेवर सुरू व्हायचं. ती ठोके द्यायची आणि सगळे त्या लयीत निघायचे. बाबा तिच्या बुटाकडे बघत राहिले.

"कधीपासून?"

लेकीने खाली बघूनच सांगितलं. बोटं धरल्यापासून, दर महिन्याला लय थोडी थोडी हळू केली होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

स्टेजवर पहिलंच गाणं धावतं होतं. बाबा ढोलांवरून वाकले. "आज रेकॉर्डची लय धर."

"नको ना, बाबा."

"धर म्हटलं."

टाच वाजली. पहिलं कडवं बाबा जिवाच्या आकांताने धावले. दुसऱ्यात बोटं लाकडासारखी झाली. तिसरं आलं तेव्हा हात ढोलांवर नुसतेच पडून होते. संपलं, आपल्यापायी सगळं बुडालं, या धास्तीने त्यांनी मान वर केली.

समोर अख्खा हॉल गरगर नाचत होता, कधी नव्हे इतका. ढोल थांबले होते, तरी एकाचंही पाऊल चुकलं नव्हतं.