अठ्ठावीस दिवस

"बाळाचा पाठीचा कणा खालच्या बाजूला मिटलेलाच नाही," मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा कागद धरून सांगत होत्या. "डोक्यातही पाणी साठतंय. जगलं तरी पायांत जोर येईल, असं मी सांगू शकत नाही. ठेवायचं की नाही, ते आठवडाभरात ठरवा."

शिवांजलीला पाचवा महिना होता. कालच पहिल्यांदा आत काहीतरी हललं होतं. तिनं पोटावरचा हात काढला नाही.

सासूला, सुलाबाईला, मात्र कारण लगेच सापडलं. "गिराणात भोपळा चिरला हिनं! वरडून सांगिटलं, सुरी धरू नगंस. पर उंब्रजची ही, ऐकती व्हय कुणाचं?"

"ग्रहण भाद्रपदात होतं, आजी. तेव्हा हिला तिसरा महिना होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " कणा मिटतो पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. तोवर बाईला दिवस गेल्याचाही पत्ता नसतो. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून घ्यायची. घेतली होती का?"

"आशाताईनं दिलती, लगीन झाल्यावर," शिवांजली म्हणाली. "पिवळ्या, बारक्या. चारच खाल्ल्या. मग पेटीतनं पाकीटच गेलं."

तिचा नवरा तानाजी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाचं चित्र बघू लागला. बघून बघून किती बघणार?

"मीच आईकडं दिलं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, पाळणा लांबवायच्या गोळ्या हायत."

"आन् मी चुलीत घातलं," सुलाबाई म्हणाली. "लोकांच्या सुना सालाच्या आत पाळणा हलवत्यात."

तासगावचा हा द्राक्ष बागायतदार. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं मुंगीएवढं अक्षर भिंग लावून वाचणारा. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला भिंगही लागलं नसतं. ऐकणाऱ्याचं टाळकं फिरावं, दुसरं काय!

"खाल्ल्या असत्या तर टळलं असतं?" शिवांजलीनं विचारलं.

"दर वेळी टळतंच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुष्कळदा टळतं."

तेवढ्यात तानाजीचा फोन वाजला. बागेतला गडी नानासो होता. आज फवारू का उद्या, विचारत होता.

"आजच मार. छाटणीपास्नं बाविसावा दिस हाय. एक दिस हुकला की घड गेलं, गड्या." कुठं बघावं लागलं नाही की बोटं मोजावी लागली नाहीत.

त्यानं फोन खिशात टाकला. शिवांजली त्याच्याकडंच बघत होती.

"बागंचं लय ध्यान हाय तुमास्नी," ती म्हणाली. "माझं अठ्ठावीस दिस कोण मोजत हुतं वं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद घडी करून पुढं सरकवला, तो शिवांजलीनंच घेतला.

सुलाबाई पदर सावरून उठली. दाराशी थांबून तिनं आवाज खाली आणला.

"गावात कुणी इचारलं, तर मातूर गिराणच सांगायचं."