ड्रॉवर आपटेना

वच्छलाबाईंनी ड्रॉवर दणकून लोटला. तो सुसाट निघाला, अगदी शेवटी थबकला आणि पाहुण्यांसमोर आलेल्या नव्या नवरीसारखा हळूच आत गेला. आवाज? काही म्हणजे काही नाही.

"बिघडेल हाय काय हा?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू, सॉफ्ट क्लोज चॅनल हाय," नितेश म्हणाला. जठारपेठेतलं हे हार्डवेअरचं दुकान त्याचंच. "कितीबी जोरानं लोटा, आपटतच नाही."

हेच ऐकवायला गजेंद्र दोघींना दुकानात घेऊन आला होता. वच्छलाबाई त्याची आई आणि रागिणी बायको. या दोघी एकमेकींना कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, आणि याचा दोघींनाही भारी अभिमान. "आमच्या घरात सासू-सुनेचं तोंड वाजत नाही," असं वच्छलाबाई गल्लीभर सांगायच्या. खरंच होतं ते. तोंड नव्हतं वाजत, ड्रॉवर वाजायचे. भाजीत मीठ जास्त पडलं की सासूबाई चमच्यांचा ड्रॉवर आपटणार, की सून लगेच डब्यांच्या ड्रॉवरनं उत्तर देणार. गेल्या आठवड्यात तर कहर झाला. चॅनल निखळले, एक ड्रॉवर डाळ-तांदळासकट खाली आला, तरी दोघी आपल्या गप्पच. बिचाऱ्या गजेंद्रला घरात शांतता हवी होती, बाकी काही नको. आता तो मनातल्या मनात पेढे वाटत होता.

"मले नाही आवडला," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मलेबी नाही," रागिणी म्हणाली.

घ्या! कधी नव्हे ते दोघींचं जमलं, आणि तेही याच्या विरोधात. गजेंद्र वैतागला. "दुसरा पाहाचाच नाही. नितेशभाऊ, हाच बांधा."

झालं, वच्छलाबाईंचा पारा चढला. सवयीनं त्यांनी ड्रॉवर लोटला. तो लाजत आत गेला. पुन्हा लोटला, पुन्हा तेच. राग होता तिथंच राहिला, हात मात्र दुखायला लागला.

"अन् मंग मानसानं राग काढावा कुठून?" त्या ओरडल्या.

"तोंडानं काढा ना काकू," नितेश सहज बोलून गेला.

वच्छलाबाईंनी जरा विचार केला. मग त्या सुनेकडे वळल्या.

"काहून वं रागिणी, तुह्या माहेरच्या रोडग्याच्या जेवनाले मी संगं येतो म्हनलं, तर तुले माही लाज वाटली?"

रागिणी फणकारली. "मले लाज? आई, तुमीच नाही म्हनल्या ना! अंजनगावचा रस्ता खराब हाय, ऊन लागते, कोनीच जाऊ नका म्हनल्या. बाबाले फोनवर सांगताना मले रडू आलं!"

"मी? अवं माय! मी तर नवं लुगडं काढून ठेवलं होतं. रोडग्यावर जीव हाय माहा. हा म्हने, रागिणीले तुले न्यायचं नाही, म्हनून जानंच रद्द."

"अन् मले म्हने, आईचं मन नाही."

दोघींच्या माना एकदमच वळल्या. गजेंद्र स्क्रूचं खोकं उलटंसुलटं करून मोठ्या अभ्यासानं वाचत होता.

"मॅच होती," तो खोक्यालाच म्हणाला. "फायनल."

मग काय विचारता! चिखलदऱ्याची सहल कोणी मोडली, मावशीच्या नातीच्या बारशाला कोण नको म्हणालं, दिवाळीची साडी कोणाला आवडली नाही, सगळं बाहेर निघालं. आणि सगळीकडे एकच माणूस निघाला. सासू-सुना एकमेकींचे हात धरून हसत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. इतकी वर्षं उगीचच ड्रॉवर फोडले म्हणून दोघींना वाईट वाटत होतं. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी विसरून ऐकत उभी राहिली. गजेंद्रला हवी होती ती शांतता घरात आली होती, फक्त त्याच्यासाठी नव्हती.

"नितेशभाऊ, सगळ्या ड्रॉवरले हाच मऊवाला लावा," वच्छलाबाई पदर खोचत म्हणाल्या. "पन एक दनकन वाजनारा ठेवा, खास गजेंद्रसाठी."

"अन् त्याले मुठी दोन लावजा, भाऊ," रागिणी म्हणाली. "आमी दोघी मिळून आपटू."