मरळीचं सूप

प्रबोधने रॉड मागे नेला, क्षणभर थांबला आणि दोरी पुढे सोडली. गळाला बांधलेली कोंबडीच्या पिसांची नकली माशी पाण्यावर अलगद टेकली.

सिंगापूरमध्ये, चोआ चू कांगच्या त्यांच्या ब्लॉकमागे हा लहानसा ओढा होता. पलीकडे नव्या एमआरटी मेट्रोचा पूल. जहाजावरून सुट्टीवर आला की तो रोज सकाळी इथे यायचा, मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा. या वेळी सुट्टी नव्हती. त्याची बायको सुरेखा जाऊन अकरा दिवस झाले होते. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

पंधरा वर्षांची किमया युनिफॉर्म घालून काठावर आली.

"बाबा, मी शाळेत चाललेय. किल्ली शेजारच्या टॅन आंटीकडे ठेवलीय."

"बरं."

तेवढ्यात पाणी खळबळलं. दोरी ताणली गेली. त्याने सवयीने, घाई न करता मासा काठाशी आणला. हातभर लांबीची मरळ होती.

"हारुआन," किमयाने तिचं इथलं मलय नाव घेतलं. "आंटी हिचंच सूप आणायची हॉस्पिटलमध्ये. ऑपरेशनची जखम लवकर भरते म्हणे."

"कुणासाठी?"

"आईसाठी."

"ती कुठे मासे खायची?"

"प्यायली ना. नाक दाबून. रोज, नऊ दिवस. म्हणाली, बाबा येईपर्यंत टिकायचंय." तिने दप्तर खांद्यावर वर ओढलं. "तुमचं जहाज कुठे होतं तेव्हा?"

"डर्बनला."

"तिथे एअरपोर्ट नाही?"

"आहे." तो मरळीच्या ओठातला गळ काढू लागला. "टेलेक्स आला होता मला. वाटलं, साधं तर ऑपरेशन आहे. कॅप्टनला सांगितलंच नाही."

मरळ हातात जोरात उसळली आणि गळ तिच्या ओठातून सुटला. त्याने ती पाण्यात सोडली. थोडा गाळ वर आला, मग खाली बसला.

"बाबा, तुमचा हात!"

गळ अंगठ्यात आरपार गेला होता. रक्त मनगटावरून थेट घड्याळाच्या पट्ट्यात उतरत होतं. किमयाने दप्तर खाली टाकलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"दुखतंय?"

प्रबोध अंगठ्याकडे बघत राहिला.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून नाही. दुखेल."