आत पाणी गेलंय

कपडे धुण्याच्या मशीनचं वरचं झाकण खोललं आणि मेकॅनिकला दुखणं पहिल्याच नजरेत दिसलं. मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला होता. कडेने काळा पडलेला, त्यावर ओलीचे पांढरट डाग. ओल लागू नये म्हणून कारखान्यात बोर्डावर रबरासारखा एक थर ओततात. तो एका कोपऱ्यात पोचलाच नव्हता. मशीनची स्वतःचीच वाफ तिथून शिरली आणि तिने बोर्ड खाल्ला. याच मॉडेलची कितीतरी मशीनं त्याने उघडली होती. सगळ्यांचा तोच कोपरा उघडा.

काका दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यामागे काकू. आतल्या खोलीत काकांची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या चादरी रोज धुवाव्या लागत, म्हणून काकूंनी फोनवर फोन करून त्याला बोलावून घेतलं होतं. कोपऱ्यात बादलीत चादरी भिजत होत्या. काकूंच्या बोटांची सालं निघाली होती.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं. "वॉरंटी आहे हं अजून. वर तुमचा तो सेवा करारही घेतलाय. दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलंय तुमच्या कंपनीला."

एरवी मेकॅनिक हसला असता. पण सकाळीच साहेबांनी सगळ्यांना उभं करून पुन्हा बजावलं होतं. या मॉडेलचा बोर्ड वॉरंटीत बदलून द्यायचा नाही. ओल दिसली की आत पाणी गेलंय म्हणायचं, आणि पाणी गेलं म्हणजे गिऱ्हाइकाची चूक. मागच्या महिन्यात त्याच्या एका सोबत्याने खरं काय ते सांगून बोर्ड बदलून दिले होते. तो आता कामावर नव्हता.

"आत पाणी गेलंय," मेकॅनिक म्हणाला.

"बरं, मग?"

"ते वॉरंटीत बसत नाही, काका. करारात पार्ट येतात, पण वापरणाऱ्याच्या हातून झालेलं नुकसान येत नाही."

वाक्य पाठ होतं, घरंगळत बाहेर पडलं. बोलताना तो बोर्डाकडे बघत राहिला. आता काका अंगावर येतील, आवाज चढवतील, साहेबांचा नंबर मागतील, याची त्याने मनाशी तयारी ठेवली होती. शिव्या खाल्ल्या की तेवढंच हलकं वाटतं. पण काका त्याच्यावर चिडलेच नाहीत. ते मागे वळले.

"ऐकलंस? कितीदा सांगितलं, मशीनवर ओलं काही ठेवत जाऊ नकोस. घरातली एक वस्तू धड ठेवशील तर शपथ."

"मी नाही हो ठेवत."

"मग पाणी काय पायांनी चालत गेलं आत?"

काकू मशीनकडे बघत काहीतरी आठवू लागल्या.

"परवा आईंना उलटी झाली ना, तेव्हा घाईत बादली टेकवली असेन," त्या हळूच म्हणाल्या. "आठवत नाही. पण टेकवली असेन."

अख्खी बादली वर उपडी केली असती तरी त्या कोपऱ्यात थेंब पोचला नसता.

"काय झालं गं?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"काही नाही, आई. माझ्या हातून मशीन बिघडलं."

मेकॅनिकने झाकण परत बसवायला घेतलं. स्क्रू काही केल्या खाचेत बसेना.

"तसं काकूंकडूनच झालं असेल असं नाही," तो स्क्रूशी बोलल्यासारखा पुटपुटला. "कधी कधी वाफ धरते. आपोआप."

काका लगेच पुढे आले. "आपोआप? मग वॉरंटीत बसेल?"

काकूंनीही मान वर केली. आता बोलायचं तर आत्ताच. त्याने तोंड उघडलंही. आणि डोळ्यांपुढे आली ती त्या सोबत्याची हत्यारांची पिशवी, ऑफिसातल्या खिळ्यावर अजून तशीच लटकलेली.

"नाही," तो म्हणाला. "बसणार नाही."

"म्हणजे पाणीच ते." काका बाहेरच्या खोलीकडे निघाले. "धू आता हातानं."

मेकॅनिकने भराभर सामान आवरलं. कधी एकदा जिना उतरतो असं त्याला झालं होतं. पण काकू दारातून हलल्या नव्हत्या.

"दादा, एक मिनिट." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आलाच आहात तर कसं वापरायचं ते मला एकदा नीट शिकवून जा. पुढे दुसरं घेतलं, तर निदान त्याचं तरी असं नको व्हायला."

"काकू, तुमचं तसं काही..."

"संकोच करू नका हो. चुकलं ते चुकलं. मला राग नाही येणार."

त्याला पिशवी खाली ठेवावी लागली.

"धुऊन झालं की झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं," तो म्हणाला.

"ठेवते."

"वर ओलं काही ठेवायचं नाही. आणि शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं."

"पुसते की, रोज." काकूंनी खिडकीतलं घडी घातलेलं फडकं उचलून त्याच्यापुढे धरलं. "पण पुसण्यातच काहीतरी चुकत असणार माझं. तुम्ही करून दाखवा."

त्याने फडकं घेतलं. झाकणावर पाण्याचा एक डागही नव्हता. तरी तो पुसू लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश.

"असं."

काकू शेजारी वाकून, डोळे बारीक करून त्याच्या हाताकडे बघत होत्या.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मी उलट्या बाजूनं पुसत होते."