ऑरिनचं नाक

जुन्या बारुदीचा न्याय करणारं नाक त्या अख्ख्या खोऱ्यात एकच होतं, आणि ते दोन हिवाळ्यांपासून बंद होतं.

यातली दुसरी गोष्ट फक्त नाकाच्या मालकाला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होती. त्यामुळे या गुरुवारीही ऑरिन स्टाविक गावच्या हॉलमध्ये शेगडीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसला होता, आणि मर्ल हाउगेनं त्याच्यापुढे एक गंजका डबा ठेवला होता.

"सासऱ्यांचा," मर्ल म्हणाला. "गॅरेज आवरताना निघाला."

अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या भागात लोक काडतुसं घरीच भरतात. माणसं जातात, बारुदीचे अर्धेमुर्धे डबे मागे राहतात. टाकवत नाहीत आणि वापरायची भीती वाटते. चांगल्या बारुदीला स्पिरिटसारखा वास येतो, बिघडलेलीला आंबट. बिघडलेली कधी बंदूक फोडेल, सांगता येत नाही. म्हणून ऑरिन हुंगायचा, निकाल द्यायचा आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायचा: शिकारीला, सरावाला किंवा फुलझाडांना. झाडांना ती खत म्हणून चालते.

दोन हिवाळ्यांपूर्वी तापात वास गेला तेव्हा हे सांगून टाकायचं ऑरिननं ठरवलं होतं. पण तापातून उठून तो हॉलमध्ये आला, त्या पहिल्याच गुरुवारी सगळे मित्र बर्फात बाहेर उभे राहिले. त्याला मात्र त्यांनी शेगडीपाशी बसू दिलं. "तू बस निवांत, आम्ही जरा हवा खातो," मर्ल म्हणाला होता. ऑरिननं एकट्यानं बसून सँडविच खाल्लं आणि त्याला गहिवरून आलं. एवढा मान देणाऱ्यांना काय सांगणार?

तेव्हापासून डब्यात तांबूस धूळ दिसली तर तो 'फुलझाडांना' म्हणे, नाहीतर 'सरावाला'. 'सरावाला' म्हटलं की कोणी दुखावत नाही. दर वेळी चिठ्ठी चिकटवताना त्याचे कान मात्र तापत.

"बघ बाबा लवकर," पलीकडून पीट म्हणाला. "मर्लला भोपळ्यांकडे जायचंय. बायकोनं दिलेलं निवडुंगसुद्धा ज्याच्या हातून मेलं, तो माणूस जत्रेतल्या भोपळ्यांच्या स्पर्धेत लागोपाठ पहिला येतो. जगात न्याय राहिला नाही."

"जळू नकोस," मर्ल म्हणाला.

ऑरिननं झाकण काढलं, आत नजर टाकली, मग डोळे मिटून नाक डब्यात घातलं. धूळ नव्हती. मर्लची मुलगी कार्लीन शनिवारी शिकारीला येणार होती. मित्राला बरं वाटावं म्हणून ऑरिन म्हणाला, "शिकारीला चालेल. कार्लीनला दे भरून."

हॉल गप्प झाला. ही शांतता ऑरिनला आदराची वाटली.

"तू म्हणतोस म्हणजे झालंच," मर्ल म्हणाला आणि त्यानं झाकण घट्ट लावलं.

घरी ग्लेनिसनं नवऱ्याचा कोट घेतला आणि लांब धरला. "व्हिनेगर सांडून घेतलंस की काय? केवढा आंबट वास मारतोय हा."

ऑरिनला मर्लचा डबा आठवला.

"आज कोणाचा डबा होता?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं कोट बाहेर टाकला. "फोन कर."

त्यानं फोन केला. मर्लशी हवेबद्दल बोलला, टायरांबद्दल बोलला, आणि ठेवून दिला.

"सांगितलंस?"

"विषयच निघाला नाही."

"विषय निघायची वाट बघ. तोवर त्या पोरीच्या तोंडासमोर बंदूक फुटू दे."

शुक्रवारी तो मर्लच्या दारापर्यंत गेला आणि गाडी वळवून आला. शनिवारी सकाळी पुन्हा गेला, तेव्हा कार्लीनची गाडी अंगणात नव्हती.

"पहाटेच गेली डोंगरात," मर्ल म्हणाला. "कॉफी घेतोस?"

"तिला थांबव." ऑरिन दारातच म्हणाला. "मर्ल, ती बारूद सडलेली आहे. मला वास येत नाही. त्या तापापासून काहीच येत नाही. मी दोन वर्षं तुम्हा सगळ्यांना फसवतोय. लाज वाटत होती म्हणून बोललो नाही, आणि आता ती पोरगी..."

त्यानं टोपी काढून तोंडापुढे धरली.

"अरे, बस खाली," मर्ल म्हणाला. "तिची काडतुसं दुकानातली आहेत. बुधवारीच आणली मी."

ऑरिनचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. "बुधवारी? डबा तर तू गुरुवारी आणलास."

मर्लनं कप खाली ठेवला आणि त्याला घरामागे नेलं. भोपळ्यांच्या सुकलेल्या वेलांपलीकडे, कुंपणाला लागून, रिकाम्या डब्यांची उतरंड होती. पीटचे, रॉयचे, गुरुवारच्या सगळ्या मित्रांचे. प्रत्येकावर ऑरिनच्या अक्षरातली चिठ्ठी होती: सरावाला, सरावाला, सरावाला. वर नवा, गंजका डबा, तोही रिकामा.

"सगळ्यांची बारूद इथेच?"

"माझं परस मोठं आहे ना."

"मग माझ्याकडे आणता कशाला, लेको?"

"गुरुवारी दुसरं काय करणार?"

ऑरिननं एक चिठ्ठी नखानं खरवडली. "ग्लेनिसनं सांगितलं तुम्हाला?"

"छे. ती कसली सांगते. तू आजारातून उठून आलास त्या गुरुवारीच कळलं. आम्ही बाहेर उभे होतो, आठवतं?"

"हवा खायला."

"फरशीखाली तो घाण मारणारा स्कंक मरून सडला होता, ऑरिन," मर्ल म्हणाला. "आणि तू त्याच्यावर खुर्ची टाकून सँडविच खात होतास."