काळोखाची सवय

अंग बाहेर येत होतं म्हणून पनवेलच्या दवाखान्यात मंजीच्या आयेचं ऑपरेशन झालं. सकाळी लघवीची नळी काढली. गोळी दिली, संडासातला पाण्याचा नळ सोडून ठेवला, तरी लघवी सुटेना. ओटीपोट दगडासारखं फुगलं. "दुपारपर्यंत झाली नाही तर परत नळी घालावी लागेल," सिस्टर बजावून गेली. आये संडासात कळवळली, "नळी नको!" "बस ना मग!" मंजी खेकसली. "उजेडात नाय होत, पोरी." आये राबायची त्या वीटभट्टीवर आडोसा नव्हता; बायका दिवसभर दाबून धरायच्या, काळोख पडला की जायच्या. मंजीनं दार लावलं, दिवा घालवला, ओढणी झरोक्यात कोंबली आणि पाठ करून राखणीला उभी राहिली. "कोन येतंय का बघ." "कोन नाय, आये." बाहेरून सिस्टरनं दार बडवलं, "लाईट कोणी घालवली?" "गप ग बाई!" मंजी ओरडली, "थेंब पडतायत!"